मालेगावात राहतं तरी कोण? जनगणनेआधी समजून घेऊ या

वर्गात आम्ही मुलांना विचारलं, "मालेगावात कोण राहतं?" एका दमात उत्तर आलं, "मुसलमान!" मग विचारलं, "तुमचे पणजोबा कुठून आले?" वर्ग चिडीचूप.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४,८१,२२८ होती. लगतची वस्ती धरली तर सुमारे पावणेसहा लाख. शहरात मुस्लिम ७९ टक्के, हिंदू १८ टक्क्यांच्या आसपास. मोसम नदीच्या एका अंगाला दाट मुस्लिम मोहल्ले, दुसऱ्या अंगाला संगमेश्वर आणि कॅम्प. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

पण हे ७९ टक्के एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आलेले नाहीत. १७४० मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा सुरत आणि उत्तरेकडचे कारागीर आले. १८५७ नंतर आणि पुढे १८६२ च्या दुष्काळात बनारसकडचे विणकर आले. आज शहरभर यंत्रमागांचा जो खडखडाट ऐकू येतो, त्याची सुरुवात त्यांच्या हातमागावर झाली. १९४८ नंतर हैदराबाद संस्थानातूनही कुटुंबं आली. दखनी आणि खानदेशी मुसलमान तर इथलेच. म्हणून एका गल्लीत उर्दू, दुसरीत दखनी, आणि बाजारात मराठी-अहिराणी ऐकू येते.

आता हे सांगायचं कारण. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे रेशनचा कोटा आजही २०११ च्या आकड्यांवर ठरतो. नवी लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. सगळ्या जातींचे आकडे याआधी १९३१ च्या जनगणनेत आले होते.

काही बुजुर्ग म्हणतात, "इस्लाममध्ये जात नाही, मग लिहायची कशाला?" बात खरी आहे, नमाजेच्या सफेत सगळे बराबर. पण इथे नोंद होते ती मागासलेपणाची, इज्जतीची नव्हे. जुलाहा, मोमीन, बागवान, पिंजारी अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. सगळ्यांनी नुसतं "मुसलमान" सांगितलं, तर विणकरांची पोरं किती आणि शिकली किती, हे कागदावर कधी दिसणारच नाही.

भाषेचंही तसंच. घरात उर्दू बोलत असाल तर मातृभाषा उर्दूच सांगा, दखनी असेल तर दखनी. येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगायची सोय असते, तिथे मराठी जरूर सांगा.

घाबरू नका. जनगणनेत कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने तुमची माहिती गोपनीय राहते. दारावर येणारे बरेचसे आमच्यासारखे शिक्षकच असतील.

तोवर एक काम करा. आज रात्री जेवताना दादा-दादींना विचारा, आपण कुठून आलो? मुलांना वहीत लिहून घेऊ द्या.