लावलेला भाव आणि मिळालेला भाव
जुनी नाणी, नवा बाजार : लेखांक ६

मागच्या आठवड्यात नाण्याची प्रत कशी ठरवायची ते पाहिलं. आता ओघानेच येणारा प्रश्न : याचे किती येतील? बहुतेकजण मोबाइल काढून नाण्याचं नाव टाकतात, कुणीतरी लावलेला दीड लाखाचा आकडा समोर येतो आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. लावायला काय, कुणीही काहीही लावतो. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं २०१२ साली निघालं. ते लाखोंना जातं असं सांगणाऱ्या जाहिराती अजून फिरताहेत. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचं नाव पुढे करून लोकांकडून पैसे मागितले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला होता. तेव्हा पहिला नियम : लावलेले भाव वाचायचेच नाहीत. झालेले सौदे वाचायचे.

ईबेवर त्याची सोय आहे. शोधाच्या पानावर ‘सोल्ड आयटम्स’ हा पर्याय निवडला की साधारण गेल्या ९० दिवसांत विकल्या गेलेल्या वस्तू हिरव्या आकड्यांत दिसतात. नुसतं ‘कम्प्लीटेड’ निवडलं, तर मुदत संपूनही न खपलेल्या वस्तूही येतात. या न खपलेल्या वस्तूंकडे लोक ढुंकून पाहत नाहीत, पण भाव किती लावू नये हे त्याच सांगतात. एकच नाणं चार जणांनी एका भावाला ठेवलं आणि चौघांकडेही तसंच पडून राहिलं, तर तो भाव बाजाराने नाकारलाय. आणखी मागे जायचं असेल, तर विक्रेत्यांसाठी टेरापीक आहे. ते ईबेने २०१७ मध्ये विकत घेतलं. त्यात काही वर्षांपूर्वीच्या विक्रीपर्यंत जाता येतं. ‘सोल्ड’च्या यादीत जिथे विक्रेत्याने घासाघीस मान्य केली, तिथे मूळ आकड्यावर काट मारलेली दिसते. सौदा त्याहून खाली तुटलेला असतो. काट मारलेला आकडा वहीत उतरवू नका.

उदाहरणाला पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया घेऊ. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरीचशी नाणी परत वितळवली गेली आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. संग्राहक याला ‘पिग रुपी’ म्हणतात. आता झालेल्या विक्रीच्या यादीत एकेक फोटो मोठा करून बघा. एका नाण्याच्या कडेला बारीकसा उंचवटा आहे : कधीकाळी कडी लावून माळेत ओवलेलं असणार, कडी काढली तरी सोनाराने दिलेला डाग राहिला. दुसरं चकाचक आहे, पण राजाच्या गालावर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. म्हणजे कुणीतरी दिवाळीला चिंच नाहीतर राख लावून घासलंय. तिसरं काळपट, शांत, हत्तीचा पाय न् पाय स्पष्ट. शीर्षक तिघांचंही एकच, पण भावांत पटींचा फरक पडतो. आपलं नाणं यांतल्या कुठल्या फोटोशी जुळतं, ते मनाशी खोटं न बोलता ठरवलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं जास्त फसवं आहे. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुपचूप टाकून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. समजा, एका रुपयासाठी एकाची तयारी ३०० डॉलरची, दुसऱ्याची १८० ची, तिसऱ्याची १२० ची. सौदा ठरतो दुसऱ्याच्या थोडा वर, १८२ डॉलर ५० सेंटला. विल्यम विकरे यांनी १९६१ मध्ये ज्या लिलावपद्धतीचं गणित मांडलं, तिचाच हा भाऊबंद. त्यांना १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्ही यादीत १८२ चा आकडा वाचता आणि आठवड्याभरात आपलाही रुपया लिलावाला ठेवता. पण पहिल्याला हवं ते मिळालंय, तो आता येणार नाही. मैदानात दुसरा आणि तिसरा. भाव थांबतो १२२ डॉलर ५० सेंटवर. विक्रेता म्हणतो बाजार पडला. बाजार आहे तिथेच आहे, एक गिऱ्हाईक तेवढं कमी झालं. म्हणून भावाइतकंच बोलींकडे आणि बोली लावणाऱ्यांच्या संख्येकडे बघावं. दोघांच्याच चढाओढीत वर गेलेला आकडा मी हिशेबात धरत नाही. सात-आठ वेगवेगळे लोक लढले असतील तर मात्र धरतो, आणि त्याच नाण्याची पुढची विक्री कितीला झाली तेही शोधतो.

लिलावगृहांच्या नोंदी वाचताना वेगळी गफलत होते. डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सचं जुन्या विक्रीचं दफ्तर नोंदणी केली की फुकट बघता येतं, पण तिथल्या आकड्यात खरेदीदाराने हातोड्यावर भरलेलं कमिशनही धरलेलं असतं. काही लिलावगृहं नुसता हातोड्याचा भाव छापतात. हातोडा १००० वर पडला आणि कमिशन समजा २० टक्के, तर एकाच सौद्याची नोंद एकीकडे १००० आणि दुसरीकडे १२००. विकणाऱ्याच्या हातात मात्र हजारातूनही त्याच्या बाजूचं कमिशन वजा होऊनच पडतं.

झालेल्या विक्रीच्या यादीवरूनच मांडणीही ठरते. ईबेच्या शीर्षकात ८० अक्षरं बसतात. चांगल्या भावाला गेलेल्या नाण्यांच्या शीर्षकांत साल, राजा, टांकसाळ आणि ‘पिग’ हा शब्द दिसला, तर आपणही ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’ वगैरेंवर अक्षरं उधळू नयेत. लिलाव की ठरावीक भाव? वरचेवर, बऱ्याच बोलींनी खपणारी वस्तू लिलावाला सोडावी. वर्षातून एखादंच गिऱ्हाईक येईल अशी वस्तू भाव लावून ठेवावी आणि वाट बघावी.

भारतातल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या कपाटातला १९११ चा रुपया ईबेवरून परदेशी विकण्याचा प्रश्नच नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये तिथलीच नाणी विकणाऱ्या मंडळींना हे भाव थेट लागू पडतात. इथल्यांनी इथल्या लिलावांचे निकाल धुंडाळावेत. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्येच बंद झालं.

सुरुवातीची बोली किती ठेवायची, याला मात्र कुठेही एक तळ आहे. या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा. त्याखाली द्यायचं, तर सराफाकडे मोडलेलं काय वाईट! १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, तेव्हा सहाव्या जॉर्जच्या रुपयाला हा हिशेब लावताना आधी साल बघा. पुढच्या आठवड्यात : फोटो, उजेड आणि सावली.