पाळीव कुत्र्याची चोरी आणि राखण

इ. स. १८६० सालीं भारतीय दंडसंहिता तयार झाली, तेव्हां चोरी म्हणजे काय हें समजावून देण्यासाठीं तिच्या कर्त्यांनीं जे दाखले दिले, त्यांत एक कुत्र्याचा होता. एक मनुष्य खिशांत कुत्र्याला भुरळ घालणारें आमिष ठेवितो आणि त्या वासानें दुसऱ्याचा कुत्रा त्याच्या मागें चालूं लागतो. मालकाच्या संमतीवांचून कुत्रा नेण्याचा त्या मनुष्याचा अप्रामाणिक हेतु असेल, तर कुत्रा मागें चालूं लागतांच चोरी पुरी झाली, असें ती संहिता सांगत असे. १ जुलै २०२४ रोजीं तिची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. परंतु नव्या संहितेच्या ३०३ व्या कलमांतहि हा दाखला कायम राहिला आहे.

श्रोतेहो, कायद्याचीं पुस्तकें कोणी करमणुकीसाठीं वाचीत नाहीं. पण या दाखल्यांत कुत्र्याच्या चोरीचें सारें मर्म आलें आहे. दागिना, भांडें किंवा सायकल आपण होऊन चोराबरोबर जात नाहीं. कुत्रा जातो. कुलूप फुटत नाहीं, आरडाओरड होत नाहीं, आणि रस्त्यावरच्या लोकांना दिसतें तें इतकेंच कीं, एक गृहस्थ कुत्रा घेऊन चालला आहे. ज्या विश्वासामुळें तो आपल्याला प्रिय होतो, तोच त्याला परक्याच्या स्वाधीन करितो.

हा धंदा जुना आहे. एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहरांत कुत्रे पळविणाऱ्यांच्या टोळ्याच होत्या. कुत्रा विकून टाकण्यापेक्षां मालकाकडूनच खंडणी घेऊन तो परत करणें त्यांना अधिक किफायतशीर वाटे. इ. स. १८४५ सालीं पार्लमेंटानें याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तरी धंदा चालूच राहिला. पुढच्याच वर्षीं कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिचा फ्लश नांवाचा लाडका कुत्रा चोरीस गेला, आणि तोहि तिसऱ्यांदा. दुकानांतून बाहेर पडून गाडींत चढण्याच्या क्षणीं तो पायांपाशींच होता. वळून पाहातों तों नाहींसा झाला. चोरांच्या म्होरक्यानें सहा गिनी मागितल्या. पैसे देऊं नयेत असें तिच्या वडिलांचें मत होतें, आणि ज्याच्याशीं थोड्याच दिवसांत तिचा विवाह व्हावयाचा होता त्या रॉबर्ट ब्राउनिंगचेंहि तेंच मत होतें. एकानें खंडणी दिली कीं दहा घरचे कुत्रे धोक्यांत येतात, हा त्यांचा युक्तिवाद. शेवटीं ती आजारी बाई स्वतः भाड्याची गाडी करून त्या बदनाम वस्तींत गेली, आणि सहा गिनी मोजल्यावर फ्लश घरीं आला. तत्त्व बरोबर कोणाचें, हें सांगणें सोपें आहे. पण कुत्रा ज्याचा गेला आहे त्याला तें सांगून पाहावें!

आपल्या मुंबईचें उदाहरण निराळ्या प्रकारचें आहे. इ. स. १८३२ च्या उन्हाळ्यांत सरकारनें मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम काढली व दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस लाविलें. त्या आठ आण्यांच्या लोभानें शिपाई रस्त्यावरचेच नव्हे, तर लोकांच्या घरांतले व आवारांतले कुत्रेहि ओढून नेऊं लागले. पारशी समाजांत कुत्र्याला अंत्यविधींतहि मानाचें स्थान आहे. ६ जून रोजीं, त्यांच्या एका पवित्र दिवशीं, कोटांत असंतोषाचा भडका उडाला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं आणि लष्कर बोलवावें लागलें. कुत्र्याच्या डोक्यावर किंमत लागली कीं घराच्या उंबरठ्याला किंमत उरत नाहीं, हें मुंबईनें तेव्हां पाहिलें.

आजची किंमत आठ आणे नाहीं. विलायती जातीचीं पिलें हजारों रुपयांना विकलीं जातात. म्हणून लहान पिलें आणि वीण घेण्याजोग्या माद्या यांवर चोराची नजर अधिक असते. येथें आपल्या कायद्यांतील एक बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु वस्तूची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानें वस्तु किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला केवळ समाजसेवेची शिक्षा आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र मानिला जातो. म्हणजे रस्त्यावरून उचलून आणून दहा वर्षें पोटच्या पोरासारखा वाढविलेला गावठी कुत्रा कायद्याच्या तराजूंत जवळजवळ वजनरहित ठरतो. मला हें न्यायाचें वाटत नाहीं. इंग्लंडांत २०२४ सालीं कुत्री व मांजरें पळविण्याचा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यांत आला आणि त्याला पांच वर्षांपर्यंत कैद ठेवण्यांत आली. त्यामागें हाच विचार होता कीं, असें जनावर म्हणजे केवळ मालमत्ता नव्हे. आपल्याकडे तसें होईपर्यंत खरेदीची पावती, लसीकरणाची वही व औषधोपचाराचीं बिलें जपून ठेवावीं, हेंच शहाणपणाचें.

मालकी सिद्ध करण्याचें सर्वांत भक्कम साधन म्हणजे मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही कांचेची कुपी पशुवैद्य जाड सुईनें मानेच्या मागें कातडीखालीं सोडतो. तिच्यांत विजेचा घट नसतो. वाचक यंत्र जवळ आणलें म्हणजे त्याच्या लहरींतून तिला शक्ति मिळते आणि ती आपला पंधरा आंकडी क्रमांक सांगते. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, चिप बसविली म्हणजे कुत्रा कोठें आहे तें टेलिफोनवर दिसेल. तसें कांहीं होत नाहीं. ती कुत्र्याचा शोध लावीत नाहीं. सांपडलेला कुत्रा कोणाचा, एवढेंच ती सांगते. ठावठिकाणा दाखविणारें यंत्र निराळें असतें. तें पट्ट्याला अडकवितात, त्याला वेळोवेळीं विजेनें भरावें लागतें, आणि चोर पहिल्याच वळणावर तें काढून फेंकूं शकतो. चिप मात्र तशी सहज काढतां येत नाहीं. महानगरपालिकेचा परवाना घेतला असल्यास तोहि पुराव्याला उपयोगी पडतो.

गळ्यांतील बिल्ल्यावर आपला टेलिफोनचा क्रमांक असावा. कुत्र्याचें नांव नसावें. चोराला नांव कळलें कीं अर्धें काम झालें. छायाचित्रें दोन्ही कुशींचीं, चेहऱ्याचीं आणि एखादा पांढरा ठिपका किंवा जुना व्रण असेल त्याचीं काढून ठेवावीं. यांतली एक खूण मात्र कोणत्याहि जाहिरातींत देऊं नये. “तुमचा कुत्रा माझ्याजवळ आहे, आधीं पैसे पाठवा” असें सांगणारा जो भेटेल, त्याला तीच खूण विचारावी.

आतां फिरावयास नेण्याविषयीं. चोरी बहुधा त्या अर्ध्या मिनिटांत होते, ज्या वेळीं मालकाचें लक्ष दुसरीकडे असतें. वाण्याच्या दुकानाबाहेर खांबाला बांधलेला कुत्रा, मोटारींत कांच थोडी उघडी ठेवून बसविलेला कुत्रा, फाटक लोटून अंगणांत सोडलेला कुत्रा, हीं चोराला दिलेलीं आमंत्रणेंच होत. मोटारीला तर दुसरेंहि भय आहे. उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींत कुत्रा थोड्या वेळांत उष्माघातानें मरतो. फ्लशची गोष्ट आठवावी. दारांतून बाहेर पडतांना, गाडींत चढतांना, साखळी या हातांतून त्या हातांत देतांना अधिक सावध असावें.

पट्ट्याची गोष्ट बारीक वाटते, पण तीच बहुतेकदां घात करिते. पट्टा व मान यांमध्यें दोन बोटें जावींत हा सामान्य नियम आहे. आपल्या लातूर भागांतील कारवान जातीच्या कुत्र्यांना मात्र तो लागू पडत नाहीं. त्यांचें डोकें निमुळतें आणि मान त्याहून रुंद असते. दचकून मागें सरला कीं कुत्रा पट्ट्यांतून सहज निसटतो. अशांना ओढ बसतांच आवळला जाणारा, पण एका मर्यादेपलीकडे न आवळणारा पट्टा किंवा छाती व पोटाभोंवतीं बसणारा साज घालावा. साखळीचा फांसा अंगठ्यांत अडकवून बाकीची घडी मुठींत धरावी. मोठ्या कुत्र्याची साखळी हाताभोंवतीं गुंडाळली तर एका हिसक्यानें बोटें मोडतात. लांब होणारी व आपोआप आंत ओढली जाणारी दोरी गजबजलेल्या रस्त्यावर मला मुळींच पसंत नाहीं. कुत्रा पंधरा फुटांवर असला तर त्याची राखण दोरी करीत असते, आपण नव्हे.

परक्याच्या हातचें खाऊं नये असें कुत्र्याला शिकवितां येतें, आणि तें शिकवावें; रस्त्यावर टाकलेल्या विषारी आमिषापासूनहि त्यामुळें बचाव होतो. परंतु या शिकवणीवर सर्वस्वी विसंबूं नये. उत्तम शिकविलेला कुत्राहि तळलेल्या मासोळीपुढें आपली विद्या विसरतो. फिरण्याची वेळ व वाट रोज तीच ठेवूं नये. कोणी अनोळखी मनुष्य जात, वय, किंमत, घराचा पत्ता अशा चौकशा करूं लागला, तर सौम्य पण मोघम उत्तरें देऊन पुढें चालावें. लहान मुलांच्या हातीं एकट्यानें कुत्रा देऊं नये. दिवाळींत अंधार पडण्यापूर्वींच कुत्र्याला फिरवून आणावें. फटाक्यांना भिऊन पळालेला कुत्रा ज्याच्या हातीं लागतो, तो नेहमींच प्रामाणिक असतो असें नाहीं.

भटक्या कुत्र्यांचा जमाव समोर आला तर पळूं नये. आपल्या कुत्र्याला जवळ घेऊन, त्याच्या व त्यांच्या मधें राहून, पाठ न फिरवितां हळूहळू दूर व्हावें. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहींहि जखमेवर घालूं नये. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं.

आणि कोणी शस्त्र दाखवून किंवा मारहाण करून कुत्रा मागितला, तर साखळी सोडून द्यावी. हें ऐकावयास कठोर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमेरिकेंत हॉलिवुड भागांत गायिका लेडी गागा हिचे तीन कुत्रे फिरवीत असलेल्या मनुष्यानें चोरांना विरोध केला, तेव्हां त्याच्या छातींत गोळी घालून दोन कुत्रे नेण्यांत आले. तो वांचला, पण त्याला दीर्घ उपचार घ्यावे लागले. गोळी घालणाऱ्याला २०२२ सालीं २१ वर्षांची कैद झाली. मालकिणीनें कांहीं न विचारतां पांच लक्ष डॉलर देण्याचें जाहीर केलें होतें. कुत्रे परत आणून देणारी बाई स्वतःच त्या प्रकरणांत आरोपी निघाली, आणि तरीहि बक्षिसासाठीं तिनें दावा लाविला. तो कोर्टानें फेटाळला.

म्हणून बक्षीस जाहीर करावयाचें तर रक्कम सांगूं नये, आणि कुत्रा घेण्यास एकट्यानें व रात्रीं जाऊं नये. चोरी झाली असें कळतांच जवळच्या कोणत्याहि पोलीस ठाण्यांत तक्रार द्यावी. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीच्या सबबीवर नाकारतां येत नाहीं, हें नव्या कायद्यानें स्पष्ट केलें आहे. चिपचा क्रमांक तक्रारींत लिहून घ्यावा आणि आसपासच्या पशुवैद्यांना कळवावा, कारण विकत घेणारा त्या कुत्र्याला कधींतरी लस टोंचण्यास आणणारच. त्याच दिवशीं चिपच्या नोंदींत आपला सध्यांचा टेलिफोन आहे ना, हेंहि पाहावें. घर किंवा क्रमांक बदलल्यावर ती नोंद बदलण्याचें पुष्कळांकडून राहून जातें, आणि मग सांपडलेला कुत्राहि परत येत नाहीं.