‘हाय’ : एका इमारतीच्या नावातील अर्थांतर

पनवेलच्या तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्थेत ‘हाय’ म्हटले असता समुद्रतळाखाली गाडल्या गेलेल्या खडकांच्या थरांचा उंचावलेला भाग अभिप्रेत असतो. १९७४ साली तेल सापडलेल्या ‘बॉम्बे हाय’मधील ‘हाय’ तो हाच. (मराठी कानास तो प्रथम शोकदर्शक केवलप्रयोगी वाटतो, ही गोष्ट निराळी.) पुढे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या मुंबईतील, शीव येथील बहुमजली कार्यालयास ‘इलेव्हन हाय’ हे नाव मिळाले आणि अदृश्य उंचवट्याचा वाचक शब्द दृश्य उंचीचा वाचक झाला. महामंडळाच्याच वांद्र्याच्या इमारतीस ‘वसुधारा भवन’ म्हणताना मात्र उंचीचा विचारच नाही. वसु म्हणजे धन, त्याची धारा. आमच्या मते तेलाच्या व्यवसायास हेच नाव अधिक अन्वर्थक होय.