मनगटाशी उलटा बसलेला स्नायू: सापडला म्हणजे कारण ठरला का?

अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरीसारखी कंडरा वर आली तर ती पामारिस लाँगस या स्नायूची. नाही आली तरी घाबरू नका. पाठ्यपुस्तकांत साधारण १५ टक्के लोकांत तो नसतो असं लिहिलेलं असतं. लोकसमूहागणिक हा आकडा बराच बदलतो. त्याच्यावाचून फारसं अडत नाही, म्हणून तर सर्जन ही कंडरा काढून दुसरीकडे वापरतात.

एरवी त्याचा मांसल भाग कोपराकडे आणि कंडरा मनगटाकडे असते. काही जणांत हे उलटं: मांस मनगटाशी, नेमकं मीडियन नर्व्हच्या वर. जन्मापासूनचा हा स्नायू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. हाताला जड काम लागलं की तो फुगू शकतो आणि नर्व्ह दबू शकते.

बारामती-इंदापूर हा ऊस आणि दुधाचा पट्टा. कोयता चालवणाऱ्या किंवा हाताने धार काढणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या आल्या तर निदान होतं कार्पल टनेल, आणि बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण वय कमी, त्रास एकाच हाताला, कामात वाढणारा आणि विश्रांतीत थांबणारा, मनगटाच्या वर मऊ फुगवटा, असं असेल तर थांबून बघावं. तळहाताच्या बुडाची त्वचा बधिर आहे का, हेही विचारावं. तिथली शाखा मनगटाच्या आधीच फुटते आणि बोगद्यातून जातच नाही. त्यामुळे तिथे बधिरपणा असेल तर दाब आणखी वर शोधायचा. विश्रांतीतली नर्व्ह कंडक्शन तपासणी नॉर्मल येऊ शकते. सोनोग्राफी करताना मनगट हलवून बघितलेलं बरं.

आता आपला मुद्दा. शवविच्छेदनात असा स्नायू सापडला की पेपरच्या शेवटी ‘यामुळे नर्व्ह दबू शकते’ हे वाक्य ठरलेलं. पण त्या माणसाला मुंग्या येत होत्या का, हे मृतदेह सांगत नाही. ऑपरेशनचा पुरावा जास्त भक्कम वाटतो: स्नायू काढला, त्रास गेला. मात्र त्याच वेळी बऱ्याचदा बोगद्याचं लिगामेंटही कापलेलं असतं. मग गुण कशाचा?

ऊसतोड कामगारांवर अभ्यास करायचा असेल तर त्रास नसलेलेही तितकेच घ्या. कोण कुठल्या गटातला हे सोनोग्राफी करणाऱ्याला कळू देऊ नका. एकाच्या दोन हातांना दोन माणसं म्हणून मोजू नका. आणि तपासणी गळीत हंगामातच उरका. पट्टा पडला की टोळ्या बीडकडे परततात, कोयता सुटतो, आणि मोजायचा तो फुगवटा उतरलेला असू शकतो.