पाठाचे चित्रीकरण : कॅमेरा कोणाकडे वळवावा?

वर्गातल्या पाठाचे चित्रीकरण आता मोबाईलवर होते आणि ते त्याच दिवशी यू-ट्यूबवर टाकताही येते. अशा बहुतेक चित्रफितींत दृश्य एकच असते : फळा, त्यापुढे शिक्षक आणि अखंड बोलणे. मुले दिसलीच तर पाठमोरी. उजळणी करणाऱ्या विद्यार्थ्याला हे पुरेसे असेल. पण दुसऱ्या गावच्या शिक्षकाला त्यातून काय मिळणार? विषयाची माहिती त्याच्याकडे असतेच. मुले नेमकी कोठे अडतात आणि त्या वेळी शिक्षक काय करतो, हे त्याला पाहायचे असते.

शेकडो वर्गांतले कॅमेरे

पाठांचे पद्धतशीर चित्रीकरण करून त्यांचा अभ्यास करण्याचा एक मोठा प्रयत्न ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासात झाला. जेम्स स्टिगलर यांच्या नेतृत्वाखाली १९९४-९५ मध्ये जर्मनी, जपान आणि अमेरिका या देशांतील आठवीच्या गणिताचे २३१ पाठ चित्रित केले गेले. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात सात देशांतील ६३८ गणिताचे पाठ होते. त्यांत जपानचे पाठ आधीचेच घेतले होते. या वेळी वर्गात दोन कॅमेरे ठेवले. एक शिक्षकाच्या मागे फिरे, दुसरा मुलांकडे रोखलेला असे.

यातून जे दिसले ते केवळ पाठ्यपुस्तके तपासून कळले नसते. एक उदाहरण घेऊ. ‘पंचकोनाच्या आतील कोनांची बेरीज किती?’ हा प्रश्न एका वर्गात असा सुटतो : शिक्षक सूत्र सांगतात, मुले त्यात ५ घालतात, उत्तर ५४० अंश. दुसऱ्या वर्गात मुले पंचकोनाचे त्रिकोण पाडून पाहतात, तीन त्रिकोण होतात हे त्यांना सापडते, मग सहा बाजूंचे काय होईल यावर वाद होतो. प्रश्न एकच, पण शिकणे वेगळे. संबंध शोधायला लावणारे प्रश्न अमेरिकेच्या वर्गांतही विचारले जात होते. मात्र सोडवताना ते जवळजवळ नेहमीच नुसत्या कृतीवर येऊन थांबत. जपानी वर्गांत प्रश्न दिल्यावर मुलांना आधी स्वतः झगडू देत आणि मग त्यांच्या निरनिराळ्या रीती फळ्यावर मांडत. हा फरक घडतो तो प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या काही मिनिटांत. चित्रीकरण करायचे ते याच मिनिटांचे.

कॅमेरा, माइक आणि तिपाई

एकच मोबाईल असेल तर तो वर्गाच्या मागे ठेवू नये. पुढच्या बाजूला, खिडकीलगतच्या कोपऱ्यात ठेवला तर मुलांचे चेहरे दिसतात, फळाही तिरका का होईना दिसतो, आणि उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतो. खिडकी समोर आली की कॅमेरा तिच्या उजेडाला जुळवून घेतो आणि माणसे काळ्या आकृत्या होतात.

चित्रापेक्षा आवाज जास्त दगा देतो. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. बोलणाऱ्यापासून १ मीटरऐवजी ४ मीटरवर माइक असेल तर थेट पोचणारा ध्वनी एक-सोळांश उरतो. पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा आवाज मात्र फारसा कमी होत नाही. आपले कान त्यातून हवे ते निवडतात. माइकला ते जमत नाही. उपाय सोपा आहे. दुसरा मोबाईल केवळ ध्वनिमुद्रणासाठी एखाद्या गटाच्या बाकावर ठेवावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी. नंतर जोडताना टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवले की बाकीचे आपोआप जुळते.

मोबाईल हातात धरू नये, याला कारण आहे. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चौकटीत सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. प्रत्येकासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. ३५ मिनिटांची तासिका अशीच साठवायची तर सव्वातीनशे गिगाबाइट जागा लागेल! म्हणून मोबाईल मुख्यतः एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीत काय बदलले तेवढेच नोंदवतो. हात हलला की सगळेच बदलते. ते सगळे मर्यादित जागेत बसवताना खडूच्या बारीक रेषा पुसट होतात. तिपाई नसेल तर बाकावर पुस्तकांची चळत पुरे.

चूक दाखवायची, पण मूल जपून

समजा, थंड पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब जमले आणि एक मुलगी म्हणाली, “काचेतून पाणी झिरपलं.” शिक्षक विचारतात, “मग पाण्यात शाई घालून पाहू या का?” बाहेरचे थेंब रंगहीनच राहतात आणि वर्ग विचारात पडतो. चित्रफितीत हवा तो हाच क्षण. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या संशोधनातही असेच आढळले. निव्वळ सुबोध स्पष्टीकरण पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढला, समज फारशी वाढली नाही. ज्या चित्रफितीत चुकीच्या कल्पना बोलून दाखवून त्यांची चर्चा केली होती, ती अवघड वाटली, पण तिच्यातून विद्यार्थी अधिक शिकले.

अडचण येथेच आहे. जो क्षण सर्वांत उपयोगी, त्यातच मूल सर्वांत उघडे पडते. वर्गात केलेली चूक तासाअखेर विसरली जाते; इंटरनेटवरची वर्षानुवर्षे राहते आणि कोणीही तिची नक्कल काढू शकतो. ‘टिम्स’ने म्हणूनच अभ्यासासाठीचे पाठ गोपनीय ठेवले आणि परवानगी मिळालेले फक्त ५३ पाठ सर्वांसाठी खुले केले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती, ही अट घातलेली आहे. पण पालकांची सही मिळाली म्हणजे झाले असे नाही. मुलालाही विचारावे, आणि ते ‘नको’ म्हणाले तर त्याला कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर अशी जागा द्यावी की तासात भाग घेता येईल.

चेहऱ्याऐवजी हात, वही, पेला आणि आवाज एवढ्यावरही पुष्कळ भागते. नावे वगळावीत. पूर्ण तास टाकण्यापेक्षा सहा-आठ मिनिटांचा तुकडा निवडावा आणि तो आधी केंद्रातल्या शिक्षकांनी मिळून पाहावा. मुलीच्या उत्तरापाशी चित्रफीत थांबवून एकमेकांना विचारावे : “येथे तुम्ही काय केले असते?” या प्रश्नावर चर्चा रंगली, तर चित्रीकरण सार्थकी लागले. सर्वांसाठी खुले करायचे की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.