मुकनाहेडरडॉहॉलिया

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे काउंटीतील एक टाउनलँड. क्षेत्रफळ सु. १९० हेक्टर (४७० एकर). टाउनलँड हा आयर्लंडमधील जमिनीचा सर्वांत लहान विभाग असून तो गावाहून भिन्न होय. त्यात वस्ती असतेच असे नाही. संपूर्ण बेटावर असे ६०,००० हून अधिक विभाग आहेत. ग्रामीण भागात घरांना क्रमांक वा रस्त्यांना नावे क्वचितच असल्याने टपालाच्या पत्त्यात टाउनलँडचे नावच प्रामुख्याने योजले जाते.

प्रस्तुत टाउनलँड कॉनमाराच्या दक्षिण भागात, किलकमिन पॅरिशमध्ये, समुद्राच्या दोन फाट्यांच्या मध्ये आहे. भूपृष्ठ ग्रॅनाइटचे असून हिमनद्यांनी ते खरवडलेले आहे. पाणी न मुरणारा खडक आणि विपुल पर्जन्य यांमुळे कॉनमारात पीटची दलदल विस्तृत आहे. शेतीयोग्य मृदा तुटपुंजी; म्हणून किनाऱ्यावरील समुद्रशैवाल खत म्हणून वापरीत. कॉनमारातील पीट गॉलवे हूकर या शिडाच्या होड्यांतून इंधनाची वाण असलेल्या ॲरन बेटांकडे जाई.

मूळ आयरिश नाव ‘मुकनाख इदिर घा हाले’ असे आहे. ‘इदिर’ म्हणजे ‘मध्ये’, ‘घा’ म्हणजे ‘दोन’ व ‘साले’ म्हणजे खारे पाणी. दोन या शब्दानंतर ‘स’ चा उच्चार ‘ह’ होतो. ‘मुक’ म्हणजे डुक्कर हे निश्चित; तथापि ‘मुकनाख’ चा अर्थ कोणी ‘डुकरांची जागा’ असा, तर कोणी ‘डुकराच्या पाठीसारखा उंचवटा’ असा करतात. नावाचा उरलेला भाग भूरचनेचेच वर्णन करीत असल्याने दुसरा अर्थ अधिक स्वाभाविक वाटतो. मात्र कॉनमारात डुकरे पाळली जात, हेही विसरून चालणार नाही.

१८२४ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात प्रत्येक टाउनलँडचे नाव नकाशासाठी इंग्रजी वर्णांत निश्चित करण्यात आले. १८३० पासून या कामी असलेले जॉन ओडोनोव्हन स्थानिक वृद्धांकडून उच्चार व अर्थ जाणून घेत. परंतु छापील रूप इंग्रजी वाचकाच्या सोयीचे ठरे. त्यामुळे येथील चार शब्द जोडले जाऊन बावीस रोमन अक्षरांचा एकच शब्द बनला. उच्चार बराचसा टिकला. अर्थ मात्र आयरिश न जाणणाऱ्यास दुर्बोध झाला. ‘हॉलिया’ मधील ‘ह’ हा त्या आयरिश उच्चाराचाच अवशेष होय. आयर्लंडमधील सर्वांत लांब स्थळनामांत याची गणना होते, ती या जोडणीमुळेच.

हा प्रदेश गेल्टाख्ट म्हणजे आयरिशभाषी भागात मोडतो. तेथील स्थळनामांची आयरिश रूपे अधिकृत ठरविणारा आदेश २००४ मध्ये काढण्यात आला व तो २००५ मध्ये अंमलात आला. तदनुसार रस्त्यांवरील फलकांवर व शासकीय नकाशांवर तेथील नावे आयरिशमध्ये दिली जातात.