पनवलची नदी आणि तिच्यावरचा पूल

रत्नागिरी आणि निवसर या स्थानकांच्या मध्ये कोकण रेल्वे पनवल नदी ओलांडते. नदी लहानशी, पण पूल ४२४ मीटर लांब आणि सुमारे ६४ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा उंच. एवढ्याशा पाण्याला एवढा पूल कशाला?

कारण पाणी नाही, चढ आहे. घाटातली एसटी दरीत उतरून पुन्हा वर चढते, रेल्वेला ते जमत नाही. कोकण रेल्वेच्या आखणीत १५० मीटरमागे एक मीटर हीच चढाची मर्यादा ठेवली होती. त्यामुळे डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल.

खरी अडचण तो बांधायचा कसा, ही होती. इतक्या खोल दरीत तळापासून परांची उभारणं म्हणजे खर्च आणि जीव दोन्ही पणाला लावणं, त्यात कोकणातला पावसाळा. म्हणून इथे भारतात प्रथमच वेगळी पद्धत वापरली. आधी पोकळ काँक्रीटचे खांब उभे केले. मग दरीच्या काठावर, जमिनीवरच गर्डरचा एक तुकडा ओतायचा, तो पक्का झाला की हायड्रॉलिक जॅकने दरीच्या दिशेने सरकवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याला जोडूनच पुढचा ओतायचा. खांबांच्या माथ्यावर गुळगुळीत सरकपट्ट्या असतात, त्यांवरून सगळा गर्डर घसरत पुढे जातो.

पुढच्या खांबाला टेकेपर्यंत गर्डरचं टोक अधांतरी असतं. तिथे वजन कमी हवं, म्हणून टोकाला पोलादी नाक जोडतात. ते काँक्रीटपेक्षा हलकं असतं आणि आधी पलीकडे पोचतं. दुसरी गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. सरकताना गर्डरचा तोच भाग कधी खांबावर येतो, कधी दोन खांबांच्या मध्ये. खांबावर असताना त्याची वरची बाजू ताणली जाते, मध्ये आला की खालची. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. म्हणून पोलादी तारा ताणून दोन्ही बाजूंना आधीच दाब देऊन ठेवावा लागतो.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. पनवलच्या पुलावर आज वारा मोजणारं यंत्र आहे. वादळी वाऱ्याने ठरलेली मर्यादा ओलांडली, की गाड्या पुलाअलीकडेच थांबवतात.